तीन पिवळे, दोन निळे

तेजलचं लग्न वाकडच्या कार्यालयात झालं आणि पंगतीत बासुंदी दोनदा कमी पडली, त्या वर्षीची ही गोष्ट. सन दोन हजार पंचवीस, मे महिना. बासुंदी मुलीकडच्यांनी कमी केली की मुलाकडच्यांनी जास्त खाल्ली, यावर दोन्ही घरांत अजून एकमत झालेलं नाही आणि होईल असं दिसतही नाही. ते बाजूला ठेवू. त्याच संध्याकाळी मुलीच्या बापाच्या, म्हणजे बन्सीच्या गाडीतलं पाणी संपलं. आपल्याला त्या पाण्याशी कर्तव्य आहे.

बन्सी राहतो कासारवाडीत, पण भावकी चाकणच्या पलीकडं गावात. लग्नाची उरलेली भांडी, सहा सतरंज्या आणि तीन आत्या गाडीत घालून तो गावाकडं निघाला होता. मोशीच्या अलीकडं बॉनेटमधून आधी खरखर ऐकू आली, मग वाफ आली, मग मागं बसलेल्या तिन्ही आत्या खाली उतरल्या. गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या, हे विशेष. कारण गुडघ्यांमुळं त्यातल्या दोघींना सकाळी कार्यालयाच्या तीन पायऱ्या चढवताना चार माणसं लागली होती.

रस्त्यालगत पंक्चरचं दुकान होतं. त्या माणसानं वाकून बघितलं आणि सांगितलं, "काका, वॉटर पंप गेला. पाणी फिरवतो ना, तो. आता गाडी टोचन करूनच न्यावी लागंल."

टोचन म्हणजे दुसऱ्या गाडीला दोरी बांधून ओढत नेणं. बन्सीनं आयुष्यात पुष्कळ अपमान सोसले होते, पण मुलीच्या लग्नाच्या दिवशी, डोक्यावर फेटा असताना, कांद्याच्या टेम्पोमागं दोरीनं बांधून कासारवाडीत परत येणं हा प्रकार नवा होता. फेटा काढावा, हे त्याला नाशिक फाट्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी रविराज आला. हा थोरला मुलगा, वाकडला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे आणि बापाशी बोलताना मीटिंगमध्ये बोलल्यासारखं बोलतो.

"नाना, सोळा जूनला गाडीचं पासिंग आहे. पंधरा वर्षं झाली तिला. मी एकच सांगतो. त्या दिवशी ती स्वतःच्या चाकांवर पासिंगला गेली आणि पास झाली, तर ठेवा. टोचन करून न्यावी लागली तर घरी आणायची नाही. तिथूनच भंगारात."

"भंगारात?" बन्सी म्हणाला. "आरं, ती माझ्या हातची हाय."

इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे, नाहीतर एका जुन्या, उंच, डब्यासारख्या गाडीसाठी माणूस इतका जीव का टाकतो, ते कळणार नाही.

बन्सीनं एकतीस वर्षं गाड्यांच्या कंपनीत इंजिनच्या लाइनवर काढली. काम एकच. इंजिन समोर यायचं, त्यावर वॉटर पंप बसवलेला असायचा, त्याचे बोल्ट आवळायचे. पंपाला पाच बोल्ट. तीन बन्सीच्या अंगाला, दोन समोरच्या माणसाच्या अंगाला. समोरचा माणूस म्हणजे नागसेन. तो तेव्हा कासारवाडीतच, रेल्वे लाइनच्या पलीकडं राहायचा. एकतीसपैकी सव्वीस वर्षं ते दोघं एकाच इंजिनाच्या दोन बाजूंना उभे होते. इतका वेळ बन्सी बायकोच्या, सरुबाईच्या समोरही उभा राहिला नसेल.

आवळलेल्या बोल्टवर रंगाचा ठिपका द्यायचा, अशी पद्धत होती. पुढच्या माणसाला कळावं की हा झाला. बन्सीचा डबा पिवळा. नागसेननं पहिल्याच दिवशी स्टोअरमधून निळा मागून घेतला. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

पाना असा असायचा की ठरलेला जोर लागला की तो 'कट्' असं वाजायचा. वाजलं की थांबायचं. नागसेन थांबायचा. बन्सी कट् वाजल्यावर वरून अजून एक हिसका द्यायचा. पाना कधीतरी चुकेल, हिसका चुकत नाही, असं त्याचं मत होतं. या मताबद्दल त्याला दोन मेमो मिळाले. त्यांत 'अतिरिक्त जोर' असे शब्द असल्यामुळं त्यानं ते दोन्ही मेमो प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवले आहेत.

कंपनी सोडायच्या दोन वर्षं आधी चाकणच्या एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी विकायला निघाली. बन्सी सहज बघायला गेला. बॉनेट उघडलं आणि बघत राहिला. वॉटर पंपाच्या तीन बोल्टांवर पिवळं, दोन बोल्टांवर निळं. त्यानं टायर बघितले नाहीत, इंजिन चालू करून बघितलं नाही. गाडी घेतली. तेव्हापासून बारा दसरे झाले. दर दसऱ्याला तो गाडीला हार घालायचा, बॉनेट उघडून त्या तीन बोल्टांना हळदकुंकू वाहायचा, तिथंच नारळ फोडायचा, पाणी इंजिनावर शिंपडायचा आणि पेढे घेऊन नागसेनकडं जायचा. आल्यागेल्याला बॉनेट उघडून दाखवायचा. तेजलला बघायला आलेल्या मंडळींनासुद्धा चहाच्या आधी बोल्ट दाखवले होते.

तर अशी ती गाडी. आणि आता तिचे बोल्ट सुटेनात.

कासारवाडीच्या मेकॅनिकनं बॅटरीच्या उजेडात बघून हात झटकले. "नाना, पंप मी अर्ध्या तासात बदलतो. पण हे तीन बोल्ट गंजून एकजीव झालेत. जोर लावला आणि डोकं तुटलं, तर खालचा तुकडा इंजिनात राहील. मग इंजिन उतरवा, खोला, ड्रिल मारा. सोळा जून विसरा."

"न्हाई तुटायचं. मी आवळलेत ते."

"मग तुम्हीच सोडवा की," मेकॅनिक म्हणाला. तो वाईट हेतूनं बोलला नव्हता. पण बन्सीला ते लागलं. याला आता काही विचारणार नाही, असं तो सरुबाईला सांगून बसला.

त्यानं नागसेनला फोन केला. नागसेन आता सांगवीला मुलाकडं असतो. मुलगा सनी सकाळी कामावर जाताना त्याला स्कूटरवरून सोडून गेला आणि जाताना बन्सीला बजावून गेला, "काका, पप्पांना हात लावू देऊ नका. दम लागतो. डॉक्टरांनी नुसतं बसायला सांगितलंय."

नागसेन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. खुर्ची गाडीच्या डाव्या अंगाला ठेवली, कारण तीच त्याची बाजू.

बन्सीनं पंखा काढला, पट्टा काढला, तेरा नंबरचा पाना घेतला आणि पहिल्या निळ्या बोल्टला लावून उजवीकडं जोरात ओढला.

"बन्सी," नागसेन म्हणाला, "उलटं."

बन्सी थांबला. त्याच्या तेव्हा लक्षात आलं की आपण एकतीस वर्षांत लाखो बोल्ट आवळले, पण सोडवला एकही नाही. लाइनवर सोडवायचं कामच नव्हतं. मनगटाला एकच दिशा माहीत होती. त्यानं पाना फिरवून डावीकडं ओढला. निळा बोल्ट निमूट सुटला. दुसऱ्या निळ्यालाही तेच झालं, आधी सवयीनं उजवीकडं, मग नागसेनचं "उलटं", मग सुटला. नागसेन खुर्चीत थोडा ताठ बसला.

मग पिवळे. आता बन्सी सावध झाला होता. मनाशी 'डावीकडं, डावीकडं' म्हणत त्यानं पाना लावला आणि ओढला. गाडी हलली. बोल्ट हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. पाना निसटला आणि बोटांची सालं रेडिएटरला चिकटली.

"तुझेच हायेत," नागसेन म्हणाला. "तो वरचा हिसका. माझे कट्पर्यंत, म्हणून सुटले. अडकलेत म्हणजे तुझेच."

हे ऐकून बन्सी सुखावला आणि लगेच घाबरला. कारण बोल्ट सुटले नाहीत तर गाडी जाणार, आणि सहज सुटले तर ते आपले नव्हेत असं ठरणार. असा पेच कुणावर येऊ नये. पुढचे चार दिवस तो पाना ओढायचा आणि मनात कुठंतरी, बोल्ट हलला नाही की त्याला बरंही वाटायचं.

बातमी इमारतीत पसरली. शेजारच्या प्रभावतीबाई लातूरकडच्या, हात सढळ, सल्ला त्याहून सढळ. लाडूची कृती सांगावी तेवढ्या आत्मविश्वासानं त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोल्ड्रिंक ओता की हो. काळं. माझ्या भावानं ट्रॅक्टरचा बोल्ट तसाच काढला." आणि बन्सी काही म्हणायच्या आत त्यांनी नातवाच्या वाढदिवसाची उरलेली बाटली बोल्टांवर रिकामी केली.

गंजावर काय परिणाम झाला ते सांगता येत नाही. मुंग्यांवर झाला. सकाळी बघतात तो पार्किंगच्या फाटकापासून बॉनेटपर्यंत मुंग्यांची ओळ, आणि ती इतकी शिस्तीत की कंपनीतल्या लाइनची बन्सीला आठवण झाली. दुपारपर्यंत तीच ओळ पहिल्या मजल्यावर सोपानरावांच्या स्वयंपाकघरात पोचली.

सोपानराव म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. संध्याकाळी बन्सीच्या दारावर नोटीस लागली. पार्किंगच्या जागेत वाहनदुरुस्ती आणि 'तत्सम कीटकवाढीस पोषक कृती' केल्याबद्दल खुलासा करावा.

बन्सी खुलासा घेऊन गेला.

"तोंडी नको," सोपानराव म्हणाले. "अर्ज करा. कोणतं काम, किती दिवस, कोणती हत्यारं, आवाज किती होणार."

"आवाज न्हाईच होत, सोपानराव. तोच तर वांधा हाय. बोल्ट हलतच न्हाई."

"तसं लिहा."

अर्ज लिहिला. तीन दिवसांनी परवानगी आली. शिक्का, सही, जावक क्रमांक सगळं. मजकूर असा: 'सदर वाहनाचे बोल्ट सोडवण्यास सकाळी दहा ते बारा या वेळेत परवानगी देण्यात येत आहे. आवळण्याबाबत स्वतंत्र अर्ज करावा.'

"सोडवल्यावर आवळावे लागणारच की," बन्सी म्हणाला.

"ते पुढचं काम. आधी हे पूर्ण झाल्याचं कळवा."

दरम्यान नवा पंप आणायला पाहिजे होता. पिंपरीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात बन्सी गेला. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "जुना टाइप की नवा?"

"वॉटर पंप द्या."

"दोन हजार दहाला पंप बदललाय. मेच्या आधीची गाडी असेल तर जुना टाइप, नंतरची असेल तर नवा. जुना मागवावा लागेल. इंजिन नंबर आणा."

बन्सी परत आला. इंजिन नंबर जिथं असतो तिथं बारा दसऱ्यांचं कुंकू, तेल आणि धूळ यांचा थर होता. तो स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला, नंबर कागदावर उतरवला, पुन्हा पिंपरीला गेला. दुकानदारानं बोट ठेवून वाचून दाखवलं. "हे दोन आकडे वर्ष. हा महिना. एप्रिल दोन हजार दहा. जुना टाइप. आठ-दहा दिवस लागतील."

"एप्रिल," बन्सी म्हणाला.

"हो. का?"

"काय न्हाई."

पण काहीतरी होतं. परत येताना बसमधून तो कासारवाडीचा थांबा मागं गेला तरी उतरला नाही, पुढून चालत आला.

बन्सी सगळ्यांना सांगायचा की एकतीस वर्षांत आपण एक दिवस रजा घेतली नाही. हजेरीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. ते खरं आहे, फक्त त्यातले नऊ दिवस हिशेबाबाहेरचे आहेत. ते त्यानं स्वतःच्या मनातूनही काढून टाकले होते. कुणी आठवण काढलीच तर गावची जत्रा होती, असं तो सांगायचा. रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यानं सरुबाईला उगाच विचारलं, "दोन हजार दहाला आपल्या गावची जत्रा कधी व्हती गं?"

सरुबाईनं भाकरी उलटली. "जत्रा कसली? मूळव्याधीचं आपरेशन व्हतं तुमचं. एप्रिलात. नऊ दिस पालथं निजला व्हता. रविराजच्या परीक्षा चालल्या व्हत्या आन तुमी वराडत व्हता."

"हळू बोल."

"आता काय हळू? पंधरा वर्षं झाली. बरं झालाय की."

बन्सी जेवला नाही. नऊ दिवसांत लाइनवर किती इंजिनं जातात, ते त्याला माहीत होतं. आणि एप्रिलात दिवस किती असतात, तेही. तिसातून नऊ गेले की एकवीस. एकवीस चांगला आकडा आहे, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण ज्याला तसं सांगावं लागतं, त्याला झोप येत नाही.

आठ जूनला रविवार होता. नागसेन आला, खुर्चीत बसला. आज तो चार वाक्यांनंतर थांबून श्वास घेत होता. सोपानराव परवानगीची प्रत हातात घेऊन वेळेवर लक्ष ठेवायला खाली आले होते. सरुबाई पायरीवर बसून मटार सोलत होती. प्रभावतीबाई कोल्ड्रिंकचं पाप धुवायला चिंचेचं पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन आल्या होत्या.

"तांब्याची भांडी बघा माझी," त्या म्हणाल्या. "आधी स्वच्छ तर करा बोल्ट. पाना नीट बसंल."

यात चूक काही नव्हती. त्यांनी पहिल्या बोल्टवर चिंच चोळली. तांबडा थर निघाला.

"हा गंज नव्हं," सरुबाई लांबूनच म्हणाली. "माझं कुंकू हाय ते. पंढरीचं न्हाई, चाकणच्या बाजारातलं. तेच इतकं धरतं."

कुंकवाखाली पिवळं निघालं. बन्सी पुढं वाकला.

"आन ती माझी हळद," सरुबाई म्हणाली.

"हळद न्हाई. रंग हाय माझा. कंपनीचा रंग."

प्रभावतीबाईंनी अजून एकदा शेंडी फिरवली. पिवळं चिंचेच्या पाण्यात विरघळून खाली ओघळलं. कंपनीचा रंग चिंचेनं विरघळत नाही, हे बन्सीइतकं त्या पार्किंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे व्यापाऱ्यानंही आपल्या वेळी हळदच वाहिली होती, आणि त्या दिवशी चाकणला आपण तिलाच भुललो होतो.

हळदीखाली बोल्टच्या डोक्यावर एक ठिपका होता. जुना, फुटका, पण स्पष्ट. निळा.

प्रभावतीबाईंनी दुसरा घासला. निळा. तिसरा. निळा.

 मटारच्या शेंगांचा आवाज थांबला. सोपानरावांनी घड्याळ बघितलं, ते सवयीनं.

बन्सी नागसेनकडं वळला. "तुला ठावं व्हतं?"

नागसेननं श्वास घेतला. "व्हय."

"कधीपासनं?"

"तू गाडी घेऊन आलास त्या दिवसापासनं. हळदीच्या कडेनं माझं निळं डोकावत व्हतं. तू नव्हतास ते नऊ दिवस बदली माणूस मिळाला न्हाई. सुपरवायझरनं मलाच दोन्ही बाजूंना पळवलं. डबा माझाच व्हता हातात. तुझ्या डब्याला मी हात लावला न्हाई."

"आन बारा वर्षं मला नारळ फोडू दिलेस? तुझ्या बोल्टांवर?"

"पेढे चांगले असायचे," नागसेन म्हणाला.

सरुबाई हसली. बन्सीला हसू आलं नाही. तेजलच्या सासऱ्यापर्यंत सगळी माणसं त्याच्या डोळ्यांपुढून गेली, ज्यांना त्यानं बॉनेट उघडून 'हे मी आवळलेत' असं सांगितलं होतं. मग त्याला एकदम काहीतरी सापडलं आणि तो उसळून म्हणाला, "खोटं बोलतोस. तुझे बोल्ट कट्पर्यंत असतात. ते दोन तर एका झटक्यात सुटले. हे तीन का सुटत न्हाईत मग?"

नागसेननं खुर्चीच्या हातावरची धूळ पुसली.

"हे तुझ्या बाजूचे व्हते," तो म्हणाला. "म्हणून तुझ्यासारखे आवळले. कट् वाजल्यावर वर एक हिसका. नऊ दिवस. उद्या कुठं गाडी गळली तर म्हणतील, बन्सीच्या बाजूचं ढिलं व्हतं. तू तर पालथा पडलेला." थांबून तो म्हणाला, "मलापण मेमो मिळाला त्याचा. एक."

 आता दुसरा माणूस असता तर त्याचे डोळे भरून आले असते. बन्सीचेही आले असतील, पण त्याच्या आधी त्याला राग आला, आणि राग आला तो हिसक्याचा.

"तुला जमणारच न्हाई," तो म्हणाला. "माझा हिसका तुझ्या मनगटात कुठनं येणार? माझ्यासारखा आवळला म्हणतोस. हे बघ, अजून कसा येतो ते." आणि त्यानं पाना घेतला, बोल्टला लावला आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं उजवीकडं, आवळायच्या दिशेला, एक हिसका दिला.

कट्.

पान्याचा नव्हता तो आवाज. हा साधा पाना होता, वाजत नाही. आवाज बोल्टच्या आतून आला.

"हे परवानगीत नाही," सोपानराव म्हणाले. "परवानगी सोडवण्याची आहे. तुम्ही आवळताय."

"थांबा हो," प्रभावतीबाई म्हणाल्या.

नागसेन खुर्चीतून अर्धा उठला होता. "बन्सी. आता उलटं."

बन्सीनं डावीकडं ओढला. बोल्ट कुरकुरला, थोडा फिरला, थांबला, आणि मग आला. गंजाची धूळ सांडत, आटा आटा करत, पूर्ण बाहेर आला. डोकं शाबूत.

निळे दोन का सुटले होते, ते तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यांना बन्सीनं आधी चुकून आवळलं होतं. गंज धरलेल्या बोल्टला आधी थोडं आवळावं लागतं, मगच तो मोकळा होतो. मेकॅनिकला विचारलं असतं तर त्यानं हे कदाचित पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण त्याला विचारायचं नाही, एवढ्यापुरता बन्सी आपल्या शब्दाला पक्का राहिला होता.

दुसरा आला. तिसराही आला. सोपानरावांनी तिन्ही वेळेला तोंड दुसरीकडं फिरवलं. नंतर त्यांनी परवानगीच्या प्रतीवर पेनानं एक ओळ वाढवली, 'सोडवण्याच्या अनुषंगाने आवश्यक तेवढे आवळणे समाविष्ट', आणि खाली छोटी सही केली. एवढ्या वर्षांत त्यांनी नियम वाकवलेला कुणी बघितला नव्हता. त्यांनाही तो दिवसभर बेचैन करत होता, असं त्यांच्या मंडळींनी सांगितलं.

पंप शुक्रवारी, तेराला आला. पण बुधवारी नागसेनला दवाखान्यात ठेवलं होतं. दम फार वाढला होता. सनीचा फोन आला, "काका, पप्पा विचारतात पंप आला का. नाकाला नळी आहे तरी विचारतात."

"आला म्हणावं. जुना टाइप."

शनिवारी सकाळी, आवळण्याचा स्वतंत्र अर्ज मंजूर करून घेऊन, बन्सी एकटाच पार्किंगमध्ये गेला. सरुबाईनं खुर्ची आणून डाव्या अंगाला ठेवली. रिकामी खुर्ची कशाला, असं तो म्हणाला नाही. कंपनीतल्या ओळखीच्या एका माणसाकडून त्यानं कट् वाजणारा पाना मागून आणला होता, आणि रंगाच्या दोन लहान डब्या.

नवा पंप, नवं पॅकिंग, नवे पाच बोल्ट. आधी स्वतःचे तीन. उजवीकडं, उजवीकडं, कट्, आणि वर हिसका. पिवळा ठिपका. असे तिन्ही.

मग तो गाडीला वळसा घालून खुर्चीच्या बाजूला आला. या बाजूनं त्यानं कधी बोल्ट आवळला नव्हता. इंजिन वेगळंच दिसत होतं, ओळखीच्या माणसाला पाठमोरं बघावं तसं. पाना लावला. ओढला. कट् वाजलं.

हात पुढं जायला बघत होता. मनगट सगळं हिसक्याला तयार झालं होतं. सरुबाईनं पायरीवरून बघितलं, तो पाना धरून तसाच उभा होता, कुणीतरी समोरून काही सांगत असावं आणि हा ऐकत असावा, तसा. मग त्यानं हात मागं घेतला. दुसऱ्यालाही कट् वाजलं तिथं थांबला. दोन्हींवर निळा ठिपका दिला.

"झालं?" सरुबाईनं विचारलं.

"झालं."

"ह्या दोघास्नी हिसका न्हाई दिला?"

"त्याचे हायेत ते."

हळदकुंकवाचं तबक तिनं आणलं होतं. बन्सीनं हळदकुंकू गाडीच्या काचेला लावलं, चाकांना लावलं. बोल्टांना लावू दिलं नाही. नारळही त्यानं या वेळी पार्किंगच्या फाटकापाशी फोडला, इंजिनापासून चांगला वीस पावलं लांब.

सोळा जूनला गाडी स्वतःच्या चाकांवर पासिंगला गेली. रविराज रजा टाकून आला होता. टोचनची दोरी त्यानं आपल्या गाडीच्या डिकीत ठेवली होती, हे बन्सीनं बघितलं पण दाखवलं नाही. ब्रेक बघितले, दिवे बघितले, धूर बघितला. तपासणाऱ्या साहेबानं बॉनेट उघडलं, पंपाकडं बघितलं आणि विचारलं, "हे रंग कशाचे?"

"पद्धत हाय," बन्सी म्हणाला.

गाडी पास झाली. पाच वर्षं. रविराज म्हणाला, "नाना, दोरी तशी दुसऱ्या कामाला होती." बन्सी म्हणाला, "व्हय व्हय," आणि आत्यांना फोन लावला.

त्याच आठवड्यात नागसेनला घरी सोडलं. सनी रिक्षा बोलावत होता. बन्सी म्हणाला, रिक्षा नको. त्यानं गाडी दवाखान्याच्या दारात आणली. नागसेनला पुढं बसवायचं होतं, पण तो बसेना. त्यानं बोटानं बॉनेटकडं दाखवलं.

"पप्पा, घरी जाऊन बघा," सनी म्हणाला.

"उघड," नागसेन बन्सीला म्हणाला.

बन्सीनं बॉनेट उघडलं. नागसेन एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातानं सनीला धरून वाकला. उजवीकडचे तीन पिवळे बघितले. मग आपल्या बाजूचे दोन. बराच वेळ बघितले. बोटाच्या टोकानं एका बोल्टला दाबून बघितलं, लाइनवर बघायचा तसं.

"हे कुणी आवळले?"

"तूच," बन्सी म्हणाला.

नागसेननं मान हलवली आणि तो गाडीत जाऊन बसला. सांगवी येईपर्यंत इंजिनाचा आवाज ऐकत होता. पाणी कुठंच गळलं नाही.

नागसेन तीन जुलै दोन हजार पंचवीसला, गुरुवारी सकाळी, सांगवीला मुलाच्या घरी वारला.